वासवणं

मरिया सिस्टरच्या जाळीच्या दाराशी मी दुधाची किटली घेऊन उभा होतो. बेल अजून दाबली नव्हती. त्या आत ओट्याशी होत्या, पाठ माझ्याकडे. तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "बनुबाई, आज उशीर केलास गं." मग त्यांचा हात नळाखाली तसाच राहिला. त्या वळल्या, मला पाहिलं, हात पुसले आणि पातेलं घेऊन आल्या. मी दूध मापून ओतलं.  जिना उतरताना मी मधल्या मजल्यावर थांबलो. बायको, म्हणजे बनू, दिवाळीनंतर गेली. आता माघ चालू होता. सिस्टरना विसर पडावा इतक्या त्या म्हाताऱ्या नाहीत. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली, बनूच्या शेवटच्या दिवसांत त्या येऊन बसायच्या, मातीलाही आल्या होत्या. मागे न बघता त्यांनी बनूला हाक मारली ती विसरून नव्हे. काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. मी स्वतःकडे बघितलं. थंडी फार होती म्हणून धार काढताना गुंडाळलेलं बनूचं हिरवं पातळ मी ठेवून आलो नव्हतो. तसंच घडी करून खांद्यावरून घेतलं होतं आणि वरून स्वेटर चढवला होता. त्याचं टोक ओढून मी नाकाशी धरलं आणि जोरात श्वास घेतला. गार हवा आत गेली. बाकी काही नाही.

मला वास येत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघंही आजारी पडलो आणि दोघंही बरे झालो. तिचं नाक परत आलं, माझं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पुढे मी विचारायचं सोडलं. लोकांना हे दुखणं वाटत नाही, मलाही फारसं वाटलं नाही. जेवण नुसतं तिखट, खारट, गोड लागायचं. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात डिझेल आणि ग्रीसमध्ये गेली, आता नाक बंद झालं तर बिघडलं काय, असं मी म्हणायचो. आणि नाक लागेल तिथे बनू होतीच. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, हा सदरा आज चालेल का, ते तिला विचारायचं. ती सदरा हातात न घेताच सांगायची, "टाका धुवायला. म्हशीला बी सोसायचा न्हाई." ती गेली तेव्हा ही सोयही गेली, पण ते माझ्या लक्षात त्या जिन्यात आलं. बनूचा वास अजून आहे. माझ्याच खांद्यावर आहे. तो सिस्टरना येतो, म्हशीला येतो, आणि मला येत नाही.

आमचं घर केडगावात आहे. पूर्वी आजूबाजूला ज्वारीची रानं होती. आता चारही बाजूंनी इमारती झाल्या आणि मधे आमच्या खोल्या, पडवी आणि गोठा राहिला. गोठ्यात एकच म्हैस, मोरी. वरच्या गॅलऱ्यांतून गोठा दिसतो. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची, कारण साठी उलटलेला मिशीवाला माणूस बायकोचं पातळ गुंडाळून म्हशीखाली बसलेला बघणं ही काही रोजची गोष्ट नाही. पण तसं करायला बनूनेच सांगितलं होतं. ती दवाखान्यात होती. रेडकू जन्मल्यावर काही दिवसांतच मेलं होतं, तेव्हापासून मोरी फक्त बनूच्या हाताला दूध द्यायची. बनू खाटेवर पडल्यापडल्या पहिलं विचारायची ते हेच.

"देती का धार?"

"कुठली. लाथा घालती."

"माझं हिरवं पातळ गुंडाळा. गोठ्यात खुंटीला हाय. धुऊ नका ते. सुनंला बी सांगा, हात लावायचा न्हाई."

"आता लुगडं नेसून बसू म्हनतीस?"

"बसा की. कोन पळवून न्यायचं न्हाई तुमाला."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर पदर धरून हसली होती. मी दुसऱ्या दिवशी पातळ गुंडाळून बसलो. मोरीने मान वळवून माझ्या खांद्याशी नाक आणलं, दोनदा फुसकारली आणि मग तिची कास भरत गेली. माझ्या बोटांना कळलं. सड कडक झाले. दूध चरवीत वाजायला लागलं. दवाखान्यात जाऊन मी तसं सांगितलं तेव्हा बनूने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "मग वासवलेलंच हाय ते."

हा तिचा शब्द होता, वासवणं. ती श्रीगोंद्याकडची, काष्टीजवळची. तिच्या आईच्या तोंडी तो असायचा म्हणे. आमच्याकडे कोणी तो वापरत नाही. अजिनाथ, माझा मुलगा, लहान असताना तिला चिडवायचा, "वासवणं म्हंजे सेंट मारणं का गं आई?" ती म्हणायची, "सेंट मारतो तो सोतासाठी. वासवायचं दुसऱ्यासाठी." याहून जास्त तिने कधी समजावलं नाही, पण तिच्या हाताकडे बघून मला तो समजत गेला. लोणच्याची बरणी ती निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर पालथी धरायची, ते वासवणं. माठात वाळ्याची जुडी सोडायची, तेही. सृष्टी, आमची नात, झाली तेव्हा सुनेच्या, दिपालीच्या, माहेरून नवी कोरी दुपटी आली होती. बनूने ती सगळी स्वतःच्या अंथरुणात आठवडाभर घेतली आणि मग पोरीखाली घातली. दिपाली नाक मुरडत होती. बनू म्हणाली, "पोरीला कापड वळखीचं लागतं. नवं कापड रडवतं." पोरगी खरंच रडली नाही. किंवा आम्हाला तसं वाटलं. आणि मोरीचं रेडकू मेलं तेव्हा जन्मल्यावर ज्या गोणपाटाने त्याला पुसलं होतं तेच गोणपाट ओलं करून बनूने कमरेला बांधलं आणि म्हशीखाली जाऊन बसली. मोरीने तिला हुंगलं, चाटलं. पाठ, दंड, मान, सगळं चाटत राहिली. बनू चाटून घेत होती आणि धार काढत होती. मी दारातून बघत होतो. मला ते बरं वाटलं नव्हतं. मेलेल्या लेकराच्या नावाने आईला फसवायचं, असं काहीतरी मी बोललो. बनू म्हणाली, "फसवत न्हाई. तिला कुनीतरी पायजे, मी हाय म्हनते." गोणपाट वाळलं, मग सुटलं, आणि मोरी बनूलाच आपलं मानून बसली.

जिन्यातल्या त्या सकाळनंतर माझं बदललं. आधी पातळ म्हणजे धार काढायचं साधन होतं. आता मी रोज मोरीकडे बघायला लागलो. ती हुंगते, थांबते, मग पान्हा सोडते. ती थांबायची तेवढा वेळ मी सडाला हात लावायचो नाही. तिने दूध दिलं की बनू आहे असं मी धरून चाललो. दुसरा पुरावा माझ्याजवळ नव्हता. फोटोत ती आहे, पण तो फोटो आधार कार्डासाठी काढलेला, त्यात ती कोणा दुसऱ्याच बाईसारखी रागावून बघते. सिस्टरना परत विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या "येतो" म्हणाल्या असत्या तर प्रश्न नव्हता, पण "आता नाही येत" म्हणाल्या असत्या तर मी काय करणार होतो.

आणि तेच व्हायला लागलं, वास उडत चालला. माघाच्या शेवटी मोरी जास्त वेळ हुंगायला लागली. पातळाला शेण लागायचं, म्हशीचा घाम लागायचा, माझा लागायचा. मी ते धार काढून झाली की लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवायला लागलो. तरी उपयोग होईना. किटली भरेना. लांबच्या घरांचा रतीब मी बंद केला, मग जवळच्या काहींचा. एका संध्याकाळी मोरीने हुंगून तोंड फिरवलं आणि पान्हा चोरला. कास भरलेली आणि दूध देईना. मी तिला थोपटलं, पेंड घातली, नाव घेतलं. शेवटी मागच्या पायाने तिने चरवी उडवली. अजिनाथ एमआयडीसीतून आला होता, गाडी लावत होता.

"आबा, काष्टीच्या शनिवारच्या बाजाराला गिऱ्हाईक हाय एक," तो म्हणाला. "आटायच्या आत काढू. आटली की कुनी इचारायचं न्हाई."

"बघू."

"बघू काय. तुमी तिथं लुगडं घालून बसता, वरून लोक बघत्यात. मला कंपनीत इचारलं एकानं, तुमच्याकडं नवी बाई ठेवली का धार काढायला म्हनून."

"मग काय म्हनलास?"

"म्हनलो, व्हय, पगार लई मागती."

तो हसला, मीही हसलो. त्याचं चूक नव्हतं. म्हैस ठेवायची की विकायची हा माझा प्रश्नच नव्हता. शनिवार येईल आणि जाईल, बाजार भरत राहील. माझा प्रश्न पिशवीत बांधलेला होता. मोरी त्या पातळाला ओळखेनाशी झाली तर बनू कुठेच राहत नाही. पत्र्याच्या पेटीत तिची बाकीची लुगडी होती, पण ती धुतलेली, घडीची. मी ती एकेक करून मोरीपुढे धरून पाहिली. तिने वैरण खाल्ली.

मग मी ठरवलं की आपण वासवू. जे उडून गेलं ते परत घालू. मी आयुष्यभर यंत्रं उघडून परत जोडली आहेत, एखादा नट हरवला तर दुसरा बसवला आहे. बनूचा वास कशाकशाचा होता ते मला माहीत होतं, कारण नाक बंद होण्याआधी चाळीसेक वर्षं मी तो घेतला होता. खोबरेल. मिसरी, ती तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची आणि दात घासायची. ज्वारीचं पीठ, भाकरी झाल्यावर ती पदराला हात पुसायची. बंबातल्या बाभळीच्या लाकडांचा धूर. थोडी शिकेकाई. लग्नानंतर आम्ही वर्कशॉपमागे एका खोलीत राहायचो तेव्हा मी पाळी संपवून यायचो आणि दार उघडलं की हे सगळं एकदम यायचं, वेगवेगळं नाही, एकच. ती समोर नसली, पाण्याला गेली असली तरी खोलीत असायचं. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. घरी आलो एवढंच कळायचं. आता मी स्वयंपाकघरात तव्यावर तंबाखू भाजत होतो आणि ती कधी काळी होते ते नुसत्या डोळ्यांनी ठरवत होतो. दिपाली ठसकत आत आली.

"मामा, मिसरी कुणाला?"

"मला."

"तुम्ही कधीपासून?"

"आजपासून."

तिने खिडकी उघडली, माझ्याकडे बघितलं आणि गॅस बारीक केला. "आत्या मंद आचेवर भाजायच्या," एवढं म्हणून ती गेली. ती पोरगी वाईट नाही. सासूवर तिचा जीव होता, पण दोघींचं पटायचं नाही. शेवटच्या वर्षात तर बनूने तिच्याशी बोलणंच कमी केलं होतं.

मी पातळावर खोबरेल चोळलं, मिसरी चोळली, पीठ झटकलं, बंब पेटवून धुरावर धरलं. अंदाजाने करत होतो. कमी की जास्त ते कळायला मार्ग नव्हता. आंधळ्याने भिंत रंगवावी तसं चाललं होतं. मग ते गुंडाळून गोठ्यात गेलो. मोरीने नाक आणलं आणि एक पाऊल मागे सरली. दावं ताणलं. मी जवळ गेलो तर तिने मान खाली घातली, शिंगं पुढे केली. मारलं नाही. पण असं ती परक्या माणसापुढे करते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातळ पिशवीत घालून मरिया सिस्टरकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "सिस्टर, याला बनूचा वास येतो का बघा. मला नाक नाही. काय कमी पडतंय सांगा." त्या खुर्चीवर बसल्या. पातळ मांडीवर घेतलं. आधी बोटांनी चाचपलं, मग उचलून नाकाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरलं. भिंतीवर येशूची तसबीर होती, तिच्याखाली त्यांच्या नवऱ्याची, कृपादान सरांची. मी तिकडे बघत राहिलो.

"मिसरी आहे," त्या म्हणाल्या. "तेल आहे. धूर आहे. कानिफभाऊ, ही बनुबाईच आहे. पण मी इथे राहायला आले तेव्हाची. तेव्हा ती अशी यायची."

"मग आताची?"

त्यांनी पातळाची घडी घालायला सुरुवात केली. घडी झाली तरी त्यांचे हात त्यावरून फिरत होते.

"आताचा कापराचा होता," त्या म्हणाल्या.

"कापूर? पूजेचा?"

"पूजेचा नव्हे." मग त्या माझ्याकडे न बघता सांगत गेल्या. बनू एका दुपारी त्यांच्याकडे आली, दार लावून घ्या म्हणाली आणि पोलक्याची बटणं काढली. छातीवर गाठ होती आणि ती वरून फुटलेली होती. हे तिला दवाखान्यात नेण्याच्या वर्षाहून जास्त आधीचं. आम्हाला तिने सांगितलं होतं ते दसऱ्याला, आणि तेव्हा म्हणाली होती की पंधरा दिवसांखाली फुटली. मी ते खरं मानलं होतं. सिस्टर रागावल्या, चल आत्ता म्हणाल्या, रिक्षा बोलावते म्हणाल्या. बनू म्हणाली, पावसाळा होऊ द्या. पावसाळा झाला तर म्हणाली, म्हैस व्यायची आहे. घाबरली होती, दुसरं काही नाही. तिची आई याच दुखण्याने गेली होती आणि घरातल्यांनी तिला गोठ्यात वेगळं ठेवलं होतं, जवळ कोणी बसत नव्हतं वासामुळे. ते तिने लहानपणी बघितलं होतं. मला ही गोष्ट तिने कधी सांगितली नव्हती. मला सांगितलं होतं की आई तापाने गेली.

"मी ड्रेसिंग करून द्यायचे," सिस्टर म्हणाल्या. "कसं करायचं ते शिकवलं तिला. पण तो वास ड्रेसिंगने जात नाही. तिला ते माहीत होतं. खोबरेलात कापूर विरघळवून पोलक्याला लावायची, पदराला लावायची, मानेला. दिवसातून कितीदा तरी. इथे दूध घालायला यायच्या आधी खाली जिन्यात थांबून लावायची. मला म्हणायची, सिस्टर, बरन्या वासवल्या, पोरीची दुपटी वासवली, आता मला मीच वासवते."

"तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं."

"हो," त्या म्हणाल्या.

मला वाटलं त्या आणखी काही म्हणतील, तिने शपथ घातली होती किंवा काही.  मला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. समोर एक म्हातारी बाई माझ्या बायकोचं पातळ मांडीवर घेऊन बसली होती.

"मी विचारलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "नवऱ्याला कळत नाही का म्हणून. तर हसली. म्हणाली, त्यांचं नाक बंद हाय, देवाची किरपा."

घरी येताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून मी कापराची डबी घेतली. दुकानदार म्हणाला, "नाना, आरतीला का?" मी हो म्हणालो. गोठ्यात बसून खोबरेलात वड्या चुरल्या. बोटांना गार लागलं, एवढंच मला कळलं. पातळ सोडून झटकलं, आधीचं पीठ आणि मिसरी जमेल तेवढी काढली, आणि पदरावर, खांद्यावर, जिथे पोलकं येतं तिथे ते तेल चोळलं. बनू हे रोज करत होती, माझ्यापासून दहा पावलांवर. मी पडवीत पेपर वाचत असेन. उन्हाळ्यात तिने तिचं अंथरूण पडवीत नेलं होतं, उकडतं म्हणून. मग थंडी आली तरी आत आणलं नाही. मी म्हटलं, अगं गारठशील, पण ती ऐकेना, मग मीही पडवीत झोपायला गेलो. ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटायचं रुसलीय, कशावरून ते सांगत नाही. सृष्टी मांडीवर बसायला आली की तिला म्हणायची, जा, आबांकडं जा, माझे हात शेणाचे हायेत. हात धुतलेले असायचे. हळदीकुंकवाला जायची बंद झाली. दिपालीने एकदा वैतागून माझ्याकडे तक्रार केली होती की आत्यांना आता या वयात काय देव-देव लागलंय, सगळ्या घराला कापराचा वास. मी म्हटलं, असू दे. हे सगळं माझ्यासमोर झालं होतं. वास नसलेलं ते एक वर्ष माझ्यासाठी इतर वर्षांसारखंच गेलं.

मी मोरीखाली बसलो. तिने मान वळवली. नाक खांद्याशी आणलं, तिथून मानेकडे. तिचा ओला श्वास कानाला लागला. मग तिने वैरणीत तोंड घातलं आणि पान्हा सोडला. इतका की सड धरताच दूध बोटांवर आलं. चरवी भरली, फेस काठाला आला. वरच्या कुठल्यातरी गॅलरीत कोणी वाळलेले कपडे काढत होतं. मी कपाळ म्हशीच्या कुशीला टेकून बसलो. मला बरं वाटायला हवं होतं. पण दूध जसजसं येत होतं तसतसं मला स्पष्ट दिसत होतं की ती डबी मी मघाशी दुकानातून आणली. मोरी बनूला ओळखत नव्हती. बनूने जे वरून लावलं होतं ते ओळखत होती. त्याच्या खाली जी बनू होती ती तिलाही ठाऊक नव्हती. किंवा ठाऊक असेलही, सिस्टरना होती तशी, पण तिला आता खालच्या बनूची गरज नव्हती, वरचा कापूर पुरत होता. इतके दिवस ज्याला मी पुरावा धरून बसलो होतो तो मी आता हवा तेव्हा तेलात चुरून करू शकत होतो. त्यानंतर मी पातळ पिशवीत बांधून ठेवलं नाही.

अजिनाथला दूध वाढल्याचं बघून हुरूप आला. "आता भाव येईल बघा," तो म्हणाला. मी नको म्हणालो नाही. पुढच्या शनिवारी टेम्पोत घालून मोरीला काष्टीला नेलं. गिऱ्हाईक राशीनकडचं होतं, सोबत त्याची बायको, तरणीताठी. तिने सडांना हात लावून बघितलं, मोरीने पाय उचलला. मी तिला बाजूला घेऊन तेलाची बाटली दिली.

"हे मानेला, दंडाला लावत जा. देईल मग. थोडे दिवस लाव, पुढे तुझी सवय होईल तिला."

तिने झाकण काढून वास घेतला. "कापूर हाय की, बाबा. म्हशीला कापूर आवडतो व्हय?"

"हिला आवडतो."

"तुमच्या घरची धार काढायची का हे लावून?"

"हो," मी म्हणालो.

आता दूध नाही, रतीब नाही, तरी मी मरिया सिस्टरकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला. मी म्हटलं, "सिस्टर, खालचा वास कसा होता ते सांगा." त्यांना समजलं नाही. "कापराच्या खालचा. जखमेचा."

"कशाला, कानिफभाऊ."

"सांगा."

त्या नको म्हणत राहिल्या. तुम्ही तिची चांगली आठवण ठेवा म्हणाल्या. तिने स्वतः तेवढ्यासाठी इतका आटापिटा केला, आता तुम्ही ते कशाला उकरता. मी उठलो नाही. चहा गार झाला. शेवटी त्यांनी सांगितलं, नर्सने डॉक्टरला सांगावं तसं, आवाज न बदलता. फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही की देठांना येतो तसा. त्यात रक्ताचा, गंजक्या लोखंडासारखा. आणि काहीतरी गोडसर, तो घशाशी बसतो. खोलीतून बाहेर आलं तरी कपड्यांना राहतो. "मी चाळीस वर्षं हे काम केलं," त्या म्हणाल्या, "तरी तिचं ड्रेसिंग झालं की गॅलरीत जाऊन उभी राहायचे. तिला ते दिसायचं. ती म्हणायची, सिस्टर, जाऊन या बाहेर, मी थांबते."

कुजलेल्या देठांचा वास मला माहीत आहे. गंजक्या लोखंडाचा तर फारच. दोन्ही नाक होतं तेव्हाचे आहेत, आत कुठेतरी शिल्लक आहेत. दुपारी पडवीत आडवा झालो की मी ते एकत्र करायचा प्रयत्न करतो. भिंतीकडे तोंड केलेली बनूची पाठ आठवतो, हिरवं पातळ, मानेवरचे पांढरे केस, आणि तिथे तो वास आणून ठेवतो. आधी कापूर काढून टाकतो, मग हा घालतो. त्या वर्षी तिने हा वास माझ्यापासून लपवला नाही. माझ्यापाशी तिला तो लपवावा लागला नाही. देवाची किरपा. माझ्याशेजारी ती निर्धास्त झोपत होती, कारण मी तोंड फिरवण्याची शक्यताच नव्हती. मला तिला सांगावंसं वाटतं की नाक असतं तरी मी फिरवलं नसतं. सिस्टर गॅलरीत जायच्या, तसा मी गेलो नसतो. पण हे मला नक्की माहीत नाही, म्हणून मी रोज करून बघतो. वास हळूहळू बसायला लागला आहे. देठ, लोखंड, तो गोडसर. मग मी बनूच्या पाठीकडे सरकतो आणि तिच्या खांद्यावर हात ठेवतो. काही दुपारी मी तसाच राहतो. काही दुपारी माझी मान आपोआप दुसरीकडे वळते.